रतनच्या हातचं पाणी

मी एक पाण्याची बाटली बोलतेय. काचेची नाही, साधी प्लास्टिकची. एकदा पिऊन फेकून द्यायची असते ना, त्यातली. माझ्या अंगावर निळ्या डोंगराचं चित्र आहे आणि डोंगरावर बर्फ आहे. तो डोंगर मी कधी पाहिला नाही. माझ्यात पहिल्यांदा भरलेलं पाणीसुद्धा तिथलं नव्हतं, कारखान्यामागच्या बोअरचं होतं. पण चित्र छान दिसतं, म्हणून लावलं असेल.

आमच्यासारख्यांचं आयुष्य ते किती? एका मीटिंगचं. येरवड्याच्या पुढे तेव्हा काचेच्या मोठमोठ्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत मला टेबलावर मांडलं. एका साहेबानं सील तोडलं, दोन घोट घेतले, झाकण लावलं आणि बोलत बोलत निघून गेला. नंतर शंभू आला. शंभू तिथे साफसफाईला होता. गावाकडं सांगताना तो नुसतं "कंपनीत आहे" म्हणायचा.

बाटली रिकामी झाली की चुरगाळून टाका, असं माझ्या पाठीवरच लिहिलेलं आहे. शंभूनं उरलेलं पाणी ओतलं, मला दाबायला अंगठा लावला आणि थांबला. मग मला डब्याच्या पिशवीत घातलं. त्याला काय वाटलं कोण जाणे. पण मी जगले ती तिथून पुढे.

विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यावरून आत गेलं की एक गल्ली होती. तिथे पत्र्याच्या एका खोलीत शंभू, त्याची बायको रतन आणि चार वर्षांची उत्कर्षा राहायचे. यवतमाळकडचे लोक. पुण्यात येऊन दोन वर्षं झाली होती.

"काय आणलं जी?" रतननं विचारलं.

"पोरीला बालवाडीत न्यायला. धुऊन घे चांगली."

रतननं मला धुतलं, पाणी भरलं, उलटं धरून हलवलं. थेंब सांडला नाही. ती हसली. म्हणाली, "झाकण पक्कं आहे."

उत्कर्षानं मात्र झाकण पाहिलंच नाही. तिनं डोंगरावर बोट ठेवलं. "आई, यात डोंगराचं पाणी आहे?"

"हो, बर्फाचं."

झालं. त्या दिवसापासून ती दुसऱ्या कशातलं पाणी पिईना. रतन मला रोज घासायची, पण चित्राच्या कागदाला घासणी लागू द्यायची नाही. कागद निघाला तर पोर रडेल म्हणून. तीन वर्षं तिनं तो डोंगर जपला. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे हा डोंगरच आडवा आला.

रतनची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. न गाळलेलं पाणी तिनं कधी कुणाला दिलं नाही. लग्नात तिच्या आईनं आपल्या मऊ झालेल्या लुगड्याचा एक तुकडा तिला दिला होता. चार पदरी करून ती तो नळाला बांधायची. घरात पाहुणा येवो, मीटर बघणारा येवो, गाळलेलंच पाणी. तांब्या विसळून, काठ पुसून हातात देणार. शेजारच्या मुक्ताई तिला चिडवायच्या. त्या मूळच्या इथल्याच, वय झालेलं, तोंड तिखट.

"अगं, नळाचं पाणी हाय ते. त्यात काय मासोळ्या येत्यात व्हय?"

"आमच्याकडं विहिरीचं होतं ना मावशी. हाताला सवय लागली."

"लागूं दे, लागूं दे. फडक्याची जत्रा."

चिडवायच्या, पण तहान लागली की रतनच्याच घरी यायच्या.

उत्कर्षा सात वर्षांची झाली आणि त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणायला घेतला. कंपन्यांसाठी केबल टाकायची होती. केबलमधून सगळ्या जगाशी बोलता येतं, असं शंभू घरी सांगायचा. आठ दिवसांत केबल गेली, माती लोटली गेली, माणसं पुढच्या रस्त्याला निघून गेली. खाली काय फुटलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांनी नळाचं पाणी बदललं. सकाळी पहिली धार चहासारखी यायची. मग पिवळट. वास यायचा, तो काय सांगू. रतन धार सोडून द्यायची, मग फडकं बांधायची, एकदा गाळायची, दुसऱ्यांदा गाळायची, तुरटी फिरवायची. फडकं रोज काळं व्हायचं आणि रोज ती ते धुवायची. माझ्यात पाणी यायचं ते आरपार दिसणारं. वासही राहायचा नाही म्हणा. निदान तिला तरी येत नव्हता.

एकदा उत्कर्षा शाळेतून आली ती भिंतीला टेकूनच बसली. भूक नाही, बोलणं नाही. दोन दिवसांनी तिचे डोळे हळदीसारखे झाले. तोवर गल्लीत नऊ घरांत कावीळ पोचली होती.

रतन तिला घेऊन दवाखान्यात गेली. मीही होते, उत्कर्षाच्या मांडीवर. दवाखाना सरकारी, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस, आणि तो दिवस त्यातला नव्हता. औषधाच्या खिडकीवर "साठा नाही" असा पुठ्ठा होता. रोजचा असावा, कडा झिजल्या होत्या. एक नर्स होती, सकाळपासून उभी असलेली. तिनं उत्कर्षाची पापणी खाली ओढली आणि रतनकडं पाहिलं.

"पाणी गाळून पाजत नाही का तुम्ही लोक? बाहेरून येता आणि कसंही राहता."

"गाळते जी."

"गाळलं असतं तर हे झालं असतं का?"

रतननं माझं झाकण पुन्हा एकदा घट्ट फिरवलं. नर्सनं गोळ्या लिहून दिल्या, पाणी उकळून द्यायला सांगितलं. मग तिचा आवाज थोडा खाली आला. "आणि तू पोटुशी आहेस ना? कितवा?"

"पाचवा."

"मग तू आधी जप. लेकरू बरं होईल. पण गरोदर बाईला ही कावीळ झाली तर फार वाईट असते. ऐकलंस का?"

ऐकलं तिनं. पण घरी आल्यावर हे शेवटचं तेवढं शंभूला सांगितलं नाही. स्टोव्ह होता, रॉकेल रेशनचं होतं, आणि दिवसभराचं पाणी उकळायला ते पुरायचं नाही. एक पातेलं उकळायचं, ते उत्कर्षाचं. रतन स्वतः नुसतं गाळलेलं प्यायची. शंभूनं विचारलं तर म्हणायची, "मीही त्यातलंच पिते ना." मी फळीवरून बघत होते. मला बोलता येत असतं तर.

मार्चात आमदार गल्लीत आले. दशरथअण्णा त्यांचं नाव. आधी पीएमटीत कंडक्टर होते, स्वारगेट डेपोला. त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. लोकांचे अर्ज घेतले की उभी घडी घालून बोटांच्या मधे खोचायचे, कंडक्टर नोटा खोचतो तसे. बोलताना हात हलवले की अर्जही हलायचे.

मुक्ताईंनी सुरुवात केली. "या अण्णा. मतं मागाया आलता तवा पाणी चांगलं हुतं आमचं."

"माहिती आहे मावशी."

"आता बोटात किती कागूद झालं?"

"चौदा." अण्णा हसले नाहीत. "खात्याला तीनदा लिहिलं. तीनदा एकच उत्तर आलं, पाणी शुद्ध आहे. आता सोमवारी मुंबईला विधानसभेत आपला प्रश्न लागलाय. मी बोलायचं आणि मंत्र्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. दवाखान्याचंही बोलणार आहे, तिथल्या डॉक्टरचं, औषधाचं. पण कागदाला कागदानं उत्तर मिळतं. म्हणून मी पाणीच नेणार. बाटली वर धरून दाखवणार. उद्या सकाळी मला एक बाटली भरून द्या कुणीतरी."

बाटली कुणाची, यावर थोडी चर्चा झाली. कुणाच्या बाटलीचं बूच ढिलं, कुणाच्या बाटलीला तेलाचा वास. मुक्ताई म्हणाल्या, "रतनची द्या की. उलटी धरली तरी गळत न्हाय." उत्कर्षा अंथरुणातून म्हणाली, "माझी आहे ती." अण्णांनी आत वाकून तिला विचारलं, "चार दिवस देतेस का? मुंबई दाखवून आणतो तिला." तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. शंभू ड्यूटीवर गेला होता. रतननं फडकं न बांधताच मला धारेखाली धरलं. माझ्या आत जे भरलं ते मी विसरणार नाही. गढूळ, वर काहीतरी तरंगणारं. तिनं झाकण लावलं, मला ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडं बघत बसली. बराच वेळ बसली. उत्कर्षा झोपली होती.

मग ती एकटीच पुटपुटली, "असं पाजलं का मी हिला? सगळे म्हणतील, माय कशी असेल."

तिनं उठून दार लोटलं. मला मोरीत ओतलं, दोनदा विसळलं. फडकं घेतलं, चार पदर केले, नळाला बांधलं. गाळलं. पुन्हा गाळलं. तुरटी फिरवली, निवळू दिलं आणि वरचं नितळ पाणी माझ्यात भरलं. रोज उत्कर्षासाठी भरायची, अगदी तसं. बाहेरून पदरानं पुसलं. साहेबांच्या पिशवीला ओल लागू नये म्हणून मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, वरून दोरा बांधला. जीप गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होती. तिनं मला अण्णांच्या हातात दिलं आणि पुन्हा एकदा पदराला हात पुसले.

तिनं काही लबाडी केली नाही. पाहुण्याच्या हातात घाण पाणी द्यायला तिचा हात धजेना, आणि लेकराला आपण घाण पाजलं नाही हे तिला सांगायचं होतं. नर्सनं ऐकून घेतलं नव्हतं. तिला वाटलं असेल, तिथे तरी ऐकतील.

मुंबईचं ते सभागृह मी पाहिलं. म्हणजे आधी नुसतं ऐकलं, कारण मी कागदात होते. अण्णा चांगलं बोलले. सुरुवातीला आवाज जरा कापत होता. पहिल्यांदाच निवडून आलेले, मागच्या बाकावरचे. नऊ घरं सांगितली. डॉक्टरचे तीन दिवस सांगितले, औषधाच्या खिडकीवरचा पुठ्ठा सांगितला, रुग्णवाहिका वर्षभर चाकं काढून उभी आहे ते सांगितलं. लोक ऐकत होते. एकदोघांनी "बरोबर आहे" म्हटलं.

"अध्यक्ष महाराज," अण्णा म्हणाले, "खातं म्हणतं पाणी शुद्ध आहे. माझ्या गल्लीतल्या एका आईनं हे पाणी भरून दिलंय. मंत्रीमहोदयांनी डोळ्यांनी बघावं."

दोरा तुटला. कागद फाटला. अण्णांनी मला उंच धरलं.

वरच्या दिव्यांचा उजेड माझ्या आरपार गेला. मी इतकी चकचकीत कधीच दिसले नसेन. निळा डोंगर, त्यावरचा बर्फ आणि आत नितळ पाणी.

कुणीतरी हसलं, आणि मग ते हसणं थांबेना.

"अण्णा, कुठल्या कंपनीची एजन्सी घेतली?"

"थंड आहे का? असेल तर इकडे द्या."

मंत्री उठले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "सन्माननीय सदस्यांच्या मतदारसंघात नळाला असं पाणी येत असेल, तर मी तिकडेच राहायला येतो म्हणतो." मग चष्मा लावून त्यांनी खात्याचं उत्तर वाचलं. पाणी शुद्ध आहे.

अण्णांचा हात अजून वरच होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता हो. डोळ्यासमोरची बस चुकल्यावर माणूस नुसता बघत राहतो ना, तसे ते बघत होते. "तपासून घ्या," ते म्हणाले, "निदान तपासून तरी," पण घंटा वाजली होती. अशा वस्तू सभागृहात आणू नयेत, असं अध्यक्षांनी बजावलं. पुढचा विषय कुठल्याशा जिल्ह्यातल्या पुलाचा होता.

दवाखान्याचं उत्तर त्या गोंधळात राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली, मिनरल वॉटरवाले आमदार. गल्लीनं ती वाचली. त्यांच्यापुरता हिशेब सोपा होता. रतननं भरून दिलेलं पाणी अण्णांनी वाटेत बदललं. कुणीतरी त्यांना दाबलं असणार, खात्यानं नाहीतर केबलवाल्यानं.

अण्णा आले ते दुपारी, एकटे. मी त्यांच्या पिशवीत होते. गल्लीत बायकांनी दारं लावून घेतली. रतन दारातच गहू निवडत बसली होती. त्यांनी मला बाहेर काढून उंबऱ्यावर ठेवलं.

"ताई, रागवायला आलो नाही. एवढंच सांगा, हे पाणी तुम्हीच भरलं?"

"हो जी."

"नळाचंच?"

"नळाचंच. गाळलं." ती खाली बघत होती. "मी असंच पाजते साहेब. दोनदा गाळून. तुरटी फिरवून. माझ्या पोरीला असंच पाजलं, तरी तिला झालं. ते म्हणतात मी गाळत नाही."

अण्णा उंबऱ्यावर बसले. बोटांतले अर्ज काढून त्यांनी खिशात ठेवले.

"माझ्यामुळं तुमची शोभा झाली का जी?"

"माझी झाली ती झाली. म्हणजे हेच पाणी पिऊन लेकीला कावीळ झाली, हो ना? मग रोग यातच आहे. दिसत नाही एवढंच." ते माझ्याकडं नव्यानं बघत होते. "मी तपासून घेतो. आणि ताई, गाळल्याचं कुणाला बोलू नका. गल्लीचं मी बघतो. लोकांचं काय, ते एकदा बोलायला लागले की लेकराचं दुखणं सुद्धा तुमच्यावरच घालतील."

मग त्यांचं लक्ष तिच्या पोटाकडं गेलं. "तुम्ही काय पिता?"

"हेच."

"उकळून?"

रतन गहू निवडत राहिली.

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून टँकर पाठवला. दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात वळवला. मला घेऊन ते तपासणीला प्रयोगशाळेत गेले. तिथे माझ्यातलं अर्धं पाणी त्यांच्या काचेच्या बाटलीत काढून घेतलं. आठ दिवसांनी कागद मिळाला, पाणी पिण्यास अयोग्य, मैला मिसळलेला. तो कागद आणि मला घेऊन अण्णा खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं मला टेबलावर फिरवून पाहिलं.

"नमुना कोणी घेतला?"

"तिथल्या बाईनं."

"आमच्या माणसानं घ्यावा लागतो. निर्जंतुक बाटलीत, सही-शिक्क्यासह. ही बाटली वापरलेली आहे, अण्णा. लेबलसुद्धा काढलेलं नाही. उद्या कुणी म्हणेल, घाण बाटलीतच होती."

"मग तुमचा माणूस पाठवा."

"पाठवू ना. अर्ज द्या."

अण्णांनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. बोटांत खोचला नाही, हातात दिला. त्यांचा माणूस येणार होता पुढच्या मंगळवारी. तो मंगळवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मी अण्णांच्या घरी कपाटात होते, अर्जांच्या गठ्ठ्याशेजारी. माझ्यात अर्धं पाणी उरलं होतं.

एप्रिल संपत आला होता. एका सकाळी शंभू आला. अण्णांची बायको चहा आणते म्हणाली, तो नको म्हणाला. आत येऊन बसला पण नाही.

"रतन गेली," तो म्हणाला.

कावीळ चौथ्या दिवशी डोक्यात गेली. ओळखेना झाली होती. पहिल्या दवाखान्यानं पुढच्याकडं पाठवलं, पुढच्यात खाट नव्हती, व्हरांड्यात सतरंजीवर ठेवली. सातवा महिना होता. मुलगा होता. तो रडला नाहीच.

हे सगळं शंभू असं सांगत होता, जसं कुणी दुसऱ्याचं सांगावं. मग त्यानं विचारलं, "अण्णा, एकच विचारायला आलो. पाणी तुम्ही बदललं का?"

कपाटाचं दार उघडं होतं. अण्णांना मी दिसत होते. एक वाक्य बोलले असते तर त्यांची मान वर झाली असती. गल्लीतही, पेपरातही. अण्णांनी शंभूकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि खाली मान घातली.

शंभूला उत्तर मिळालं. तो निघून गेला.

मे महिन्यात पाइप दुरुस्त झाला. खात्याचा माणूस शेवटी आला, नमुना घेतला, शिक्का मारला. खणलं तेव्हा फुटकं सापडलं ते रतनच्या दारापासून नऊ हातांवर. तीन दिवसांचं काम निघालं. दवाखान्यात डॉक्टर रोज येऊ लागला, तेही अण्णांनी पुढच्या अधिवेशनात लावून धरलं म्हणून. त्या वेळी कुणी हसलं नाही, पण पेपरातही आलं नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधकांनी रिक्षावर मोठी प्लास्टिकची बाटली बांधून फिरवली. अण्णा पडले.

तरी लोक त्यांच्याकडं यायचे. आमदारकी गेली, पण अर्ज लिहून द्यायचे ना. एकदा मुक्ताई आल्या, निराधार पेन्शनच्या कागदासाठी. पाठ पार वाकली होती. हाताला धरून आणायला एक मुलगी होती बरोबर, बारा वर्षांची. वाढल्यावर चेहरे बदलतात, पण मी तिला ओळखलं. डाव्या हाताचं पहिलं बोट ती वस्तूंना लावते. लहानपणी डोंगराला लावायची.

"लिवा अण्णा," मुक्ताई म्हणाल्या. "ह्या वेळेला तरी कागूद बदलू नका."

अण्णांनी ऐकून घेतलं आणि कोरा कागद काढायला कपाट उघडलं.

"ती माझी बाटली आहे," उत्कर्षा म्हणाली.

ती पुढे आली, मला उचललं, डोंगराला बोट लावलं. कडेनं जरा उडालाय, पण आहे. मग तिनं आतलं पाणी उजेडात धरलं. अजून नितळ होतं.

"हेच का ते? तुम्ही आईच्या पाण्याच्या जागी भरलं ते?"

"उत्कर्षा," मुक्ताई म्हणाल्या. कधी नव्हे ते हळू.

"मला यांच्याकडूनच ऐकायचंय. माझी आई तेव्हा जिवंत होती. तुम्ही खरं पाणी दाखवलं असतं तर पाइप तेव्हाच झाला असता." तिचा आवाज चढला नाही. पाठ करून ठेवलेलं असावं, कित्येक वर्षं. "तुम्ही बदललं ना?"

अण्णांच्या बोटांत कोरा कागद होता, उभी घडी घातलेला. ते बराच वेळ त्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले.

"माझ्याकडूनच चुकलं, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या आईनं बरोबर भरून दिलं होतं."

उत्कर्षा मला घेऊन बाहेर गेली. पायरीवर उभी राहिली, झाकण फिरवलं. अण्णा खुर्चीवरून अर्धे उठले, त्यांचा हात पुढे आला. "अगं, ते," एवढं बोलले आणि थांबले. हात मागे घेतला.

तिनं मला उलटं केलं.

रतननं दोनदा गाळलेलं, तुरटी फिरवून निवळलेलं, पदरानं पुसून दिलेलं ते पाणी. तिच्या हातचं जगात तेवढंच उरलं होतं. ऊन कडक होतं. फरशीवर डाग पडला आणि मुक्ताईंचा अर्ज लिहून व्हायच्या आत वाळलाही.

आता मी पुन्हा त्याच खोलीत, त्याच फळीवर आहे. रिकामी. पत्र्याच्या जागी स्लॅब आलाय, नळाला फिल्टर आहे. शंभू कामावरून आला की कधी कधी मला हातात घेतो आणि परत ठेवतो. उत्कर्षा शाळेत जाताना दुसरी बाटली नेते, स्टीलची.

नळाजवळच्या खिळ्याला ते लुगड्याचं फडकं अजून आहे. कुणी वापरत नाही, कुणी काढतही नाही.

मला चुरगाळायचं असेल तर चुरगाळा, माझं काही म्हणणं नाही. माझं आयुष्य एका मीटिंगचं होतं, मी पुष्कळ जास्त जगले. पण तुमच्यापैकी कुणाला आमच्या गल्लीत कधी उत्कर्षा भेटली, तर तिला त्या बाटलीचं काही सांगू नका. कुणी भरलं, काय बदललं, यातलं काहीच नको. आईवर बोट जाईल असं ते एक माणूस इतकी वर्षं बोललं नाही, मीही बोलणार नाही.

तिला फक्त एवढं सांगा, की तुझी आई तुला पाणी गाळूनच पाजायची. दोनदा.